तळीची किंमत

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला खिडकीशेजारी बसणाऱ्याला एक काम असे. सर फळ्यावर दोन रेघा काढत, एक खाली उतरणारी मागणीची आणि एक वर चढणारी पुरवठ्याची. त्या जिथे एकमेकींना छेदत तिथे खडूचा ठसठशीत ठिपका देत. मग हात झटकून पुस्तकातलं वाक्य म्हणत, “इतर परिस्थिती कायम असताना.” एवढं म्हणून थांबत आणि खिडकीकडे वळत.

“कायम आहे का, बघ रे.”

खिडकीतला मुलगा उठून बाहेर बघे. “नाही सर. म्हशी कुंपणात शिरल्यात.” दुसऱ्या दिवशी, “नाही सर. शिपाई आणि गवळी भांडतायत.”

“बरं,” सर म्हणत, “तरी कायम आहे असं धरू. आपण धरलंय हे मात्र विसरायचं नाही.” आणि धडा पुढे चालू होई.

मी त्या वर्गात विद्यार्थी म्हणून कधी बसलो नाही. मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. ग्रंथालय आणि तो वर्ग यांच्यात एक पातळ भिंत होती, आणि सरांचा आवाज भिंतीपेक्षा जाड होता. त्यामुळे त्यांचा सगळा अभ्यासक्रम मी वर्षानुवर्षं पुस्तकांना नंबर घालता घालता ऐकला. परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो असं वाटतं.

सर गेले त्याला आता एक पावसाळा उलटला. त्यांची पुस्तकं ग्रंथालयाला मिळाली. ती नोंदवून घेण्याचं काम माझं, आणि ते मी लांबवतो आहे. पुस्तकांच्या समासात त्यांनी कुठेही मत लिहिलेलं नाही. फक्त पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्हं आहेत. एखाद्या पानावर लेखकानं अगदी सहज, ओझरतं एक वाक्य टाकलेलं असतं, “असे गृहीत धरू की ग्राहकाला सर्व माहिती आहे,” वगैरे, आणि तिथे ते चिन्ह हटकून सापडतं. मग मी पुस्तक मिटतो आणि चहा प्यायला बाहेर जातो.

त्यांना कुणी बंडखोर समजू नये. कॉलेजात युनियनचं काम करणारे एक प्राध्यापक होते. ते सरांना म्हणत, “तुम्हाला सगळं दिसतं, मग भांडवलशाहीविरुद्ध उघडपणे बोला की.” सर म्हणत, “आकृती सुंदर आहे हो.” त्यांना खरोखरच ती आकृती सुंदर वाटे. एवढ्या लाखो माणसांच्या खरेदी-विक्रीतून एक भाव ठरतो, कुणी हुकूम न देता ठरतो, याचं त्यांना उतारवयातही एखाद्या मुलासारखं नवल होतं. कट्टा गावच्या आठवडी बाजारात ते आनंदानं फिरत, सुरणाचा भाव विचारत आणि सुरण न घेता पुढे जात. बाजाराबद्दल त्यांची तक्रार वेगळीच होती. “बाजारात चप्पल घालूनच जायचं असतं,” ते म्हणत. “चिखल असतो, काटा असतो. पण घरी आलं की आपण ती उंबऱ्याबाहेर काढतो. आताशा कुठे काढायची तेच लोकांच्या ध्यानात राहत नाही. सगळे चपला घालून स्वयंपाकघरात बसलेत.”

दुसरी त्यांची खोड म्हणजे सरासरी ऐकली की ते विचारत, “आणि बाकीचे?” जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाढलं असं कुणी म्हणालं की, “आणि बाकीचे?” निकाल चांगला लागला, “आणि बाकीचे?” एकदा एका लग्नाच्या पंगतीत यजमान येऊन म्हणाले, “सर, सगळ्यांचं जेवण छान झालं.” सरांनी मागे मांडवाकडे मान वळवली आणि तेच विचारलं. तिथे वाजंत्रीवाले अजून उपाशी होते. यजमानांना राग आला, पण पानं वाढली गेली. मुलं त्यांना पाठीमागे ‘बाकीचे’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मागणीची व्याख्या शिकवतानाचा एक तास मला भिंतीपलीकडून जसाच्या तसा आठवतो. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. खिशात पैसे असलेल्याची इच्छा म्हणजे मागणी. हे सांगून सरांनी विचारलं, “मग ज्याच्या खिशात काही नाही त्याच्या इच्छेला अर्थशास्त्रात काय म्हणतात?” कुणी म्हणालं, “अपेक्षा.” कुणी म्हणालं, “स्वप्न.” मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, भूक.” मग सर म्हणाले, “पुस्तकात नाही. पण लिहून घ्या.”

त्या मुलीचं नाव सायली. कुडाळकडची. पुढे ती पुण्याला शिकली आणि सरांची सर्वांत आवडती विद्यार्थिनी ठरली. ती पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

सरांचं घर कॉलेजपासून थोडं आत, एका लहान गावात होतं. निवृत्तीनंतर ते तिथे एकटेच राहायचे. घर मातीचं, पुढे पडवी आणि शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. रविवारी मी स्कूटरवरून जाई. जेवण शेजारच्या भागीकाकींकडे ठरलेलं असे. सरही तिथेच जेवत, किती वर्षांपासून ते दोघांनाही सांगता आलं नसतं. भागीकाकी सरांपेक्षा वयानं थोड्याशा मोठ्या, आवाजानं पुष्कळच मोठ्या. त्यांच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीवर सरांनी एकदा माझ्यासमोर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं होतं, तिची किंमत का ठरवता येत नाही या विषयावर.

मग काकींच्या मुलानं, रमाकांतनं, घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. रस्त्यावर बोर्ड लावला. मच्छी थाळी, शाकाहारी थाळी, पुढे दर. मुलगा सरळ होता, घरात चार पैसे यायला हवे होते. पण सर बोर्ड वाचून अस्वस्थ झाले. आता लोक दूरवरून येऊन जे विकत घेतात ते आपण फुकट खायचं हा अन्याय आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढच्या रविवारी जेवून उठताना त्यांनी बोर्डावरच्या दराएवढे पैसे ताटाखाली ठेवले. मी ते पाहिलं.

आम्ही खळ्यात पोचतो तोच मागून आवाज आला.

“सरांनू! ह्या काय?”

“काकी, तुमचा खर्च होतो...”

“माका हॉटेलवाली समाजलास?” नोटा सरांच्या पायाशी पडल्या. “इतकी वर्सां जेवलास तेचे पण देवा मगे! हिशोब करा, तुमका येता मा हिशोब!”

त्यानंतर महिनाभर काकी सरांशी बोलल्या नाहीत. सर खिचडी करून खात आणि ती जाळत. त्यांनी मला हे अनेकदा सांगितलं, दर वेळी नव्यानं कळल्यासारखं. “बोर्ड रमाकांतनं रस्त्यावर लावला होता. तो तिथेच राहिला असता. मी तो उचलून तिच्या चुलीपाशी नेला. एवढं शिकून मला तो कुठे लावायचा ते कळलं नाही.” शेवटी काकीच एके दिवशी पडवीत ताट ठेवून गेल्या, न बोलता. सरांनी ते रिकामं करून, घासून, त्यात आपल्या घरामागच्या परड्यातली अळवाची पानं घालून परत पाठवलं. मग सगळं पूर्ववत झालं.

आता तळीची गोष्ट. खरं तर हे सगळं मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

गावच्या देवळाखाली एक तळी आहे. धामापूरच्या तलावाएवढी नावाजलेली नाही, लहानच, पण बारमाही. तिच्या पाटाचं पाणी खालच्या वाडीतल्या शेतांना जातं आणि त्यावर उन्हाळी भात होतं, नारळ-पोफळी जगतात. भागीकाकींची शेती तिथेच. एका कंपनीनं ही तळी दीर्घ मुदतीच्या भाड्यानं मागितली. काठानं लाकडी खोल्या, पाण्यात होड्या, रात्री दिवे. पाणी एका पातळीवर राखायचं म्हणून पाटाचं तोंड बंद. ग्रामसभेनं ना हरकत दिली की काम सुरू होणार होतं. गावात दोन तट पडले. पोरांना नोकऱ्या लागतील म्हणणारेही होते, आणि ते खोटं बोलत होते असं नाही.

निर्णय नीट व्हावा म्हणून आधी पुण्याच्या एका संस्थेनं अभ्यास केला. तळीचं गावाला मूल्य किती, ते काढायचं. त्यासाठी टॅब घेऊन चार-पाच मुलं-मुली घरोघर फिरू लागली, आणि त्यांची प्रमुख म्हणून आली ती सायली. सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी तिला गूळ-पाणी दिलं आणि विचारलं, “प्रश्न काय आहे?”

तिनं वाचून दाखवला. “ही तळी आहे तशीच राहावी यासाठी तुमचं कुटुंब दर वर्षी जास्तीत जास्त किती रुपये द्यायला तयार आहे?”

“मीच शिकवली होती ही पद्धत,” सर म्हणाले.

“हो सर. तुमच्याच नोट्स आहेत माझ्याकडे अजून.”

ती गेल्यावर सर पडवीत येरझारा घालू लागले. मला म्हणाले, “ग्रंथपाल, जो देऊ शकत नाही त्याचं प्रेम या पद्धतीला दिसत नाही. खालच्या वाडीचा सगळा जीव तळीत आहे आणि खिशात काही नाही. सगळ्यांचे आकडे मिळवून मूल्य काढणार, आणि ते येणार एवढंसं.” मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. छत्री घेतली आणि प्रचाराला निघाले. घरोघर जाऊन सांगू लागले, “मोठा आकडा सांगा. कोणी मागूक येणार नाय. नुसतो सांगूचो आसा.”

लोक ऐकून घेत आणि मान हलवत. भागीकाकींनी मात्र स्पष्टच सांगितलं.

“देवाच्या तळयेचा काम, आणि खोटा सांगू? सांगितलंय तर पैसे देवक व्हये मा. आणि ते हाडू खंयसून?”

“काकी, ता खरा देवचा नसता. तो फक्त प्रश्न आसा.”

“किती देतलास म्हणान इचारतत, आणि देवचा नसता? असो खंयचो प्रश्न? तुमी शिकवलास काय ह्यो त्या चेडवाक?”

सरांनी छत्री उघडली आणि खळ्यातून बाहेर पडले. सायलीला तो प्रश्न त्यांनीच शिकवला होता.

गावानं त्या प्रश्नाचा जो अर्थ घेतला तो पुण्यात बसून कुणाच्या डोक्यात आला नसता. किती देणार असं कुणी दारात येऊन विचारलं, तेही देवाच्या तळीसाठी, म्हणजे ती वर्गणी. वर्गणीत ज्याला जे जमतं ते तो सांगतो, आणि सांगितलं की ते द्यायचं असतं. तेव्हा लोकांनी आपल्याला जमेल ते सांगितलं. एकानं सांगितलं, गाळ काढायला घरचा एक माणूस येईल. दुसरा म्हणाला, बांधाला दगड देतो. एका बाईनं गाळ काढणाऱ्यांना पेज करून घालायचं कबूल केलं. भागीकाकींनी मुलाला पाठवायचं सांगितलं आणि वर “मीय येतलंय, माका काय झालाहा?” असं ऐकवलं. “कधी?” असं त्या टॅबवाल्या पोरानं गमतीनं विचारलं तर त्या म्हणाल्या, “सभा झाली काय फुडच्या आयतवारी.” तो रविवार मग सगळ्यांनीच धरला.

सायली संध्याकाळी सरांकडे आली तेव्हा रडवेली होती. “सर, टॅब अक्षरं घेतच नाही. फक्त आकडा घेतो. गाळ काढीन म्हणाले की शून्य. पेज घालीन म्हणाले की शून्य. मी वर फोन केला. ते म्हणाले, पद्धत बदलता येणार नाही.”

“बरोबर आहे. बदलली तर तुलना बिघडते.”

“सर, तुमचं उत्तर राहिलंय.”

सरांनी टॅब हातात घेतला. चष्मा वर करून आकडा भरायच्या चौकोनाकडे बघितलं. मग परत दिला. “मला नाही सांगता येत.”

“मग शून्य लागेल, सर.”

“लाव.”

ग्रामसभा शाळेत भरली. सरपंच अहवाल वाचू लागले. तळीचं गावाला मूल्य म्हणून आलेली रक्कम ऐकून पाठीमागे कुणीतरी हसलं. प्रकल्पातून येणारी रक्कम वाचली तेव्हा कुणी हसलं नाही. मग सगळ्या माना सरांकडे वळल्या. सगळा गाव धरून चालला होता की आता सर उठणार आणि या अहवालाच्या चिंध्या करणार. मीही त्यासाठीच गेलो होतो.

सर उठले. म्हणाले, “गणित मी तपासलं. त्यात चूक नाही. सायलीनं काम प्रामाणिक केलंय.”

एवढंच. आणि खाली बसले.

शाळेत जो गलका झाला तो काय सांगावा. रमाकांत उभा राहून ओरडला, “सर, तुमी आमच्यातले की तेंच्यातले?” सर पुन्हा उठले. “अरे, बेरीज बरोबर असेल तर ती चुकली असं कसं सांगू? तळी राखण्यासाठी खोटं बोलायला मीच तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही बोलला नाहीत. आता मी इथे उभा राहून बोलू?”

तेवढ्यात भागीकाकी बायकांच्या बाजूनं उठल्या. त्या सरांकडे नव्हे, सायलीकडे बघत होत्या.

“गो बाय, आमी जा सांगितला ता खंय गेला?”

सायली उभी राहिली. “काकी, ते आकड्यात नव्हतं. म्हणून धरलं नाही.”

“धरूक नाय म्हणजे? आयतवारी गाळ काढूचो म्हणान सांगितलंय मी. तुमी धरा, नायतर सोडा. आमी तर येतलो.”

सरपंच हुशार माणूस. त्यांना प्रकल्प हवा होता, पण गावाशी वैर नको होतं. त्यांनी कागद मिटले. “ठीक आसा. आयतवारी बघूया. गाव गाळ काढूक उतरलो तर ना हरकत देवची नाय. आणि कोण इलो नाय, तर मगे माका कोणी काय बोलू नकात.”

सगळ्यांनी मान्य केलं. तळी एका रविवारवर येऊन ठेपली.

परतताना सर वाटेत थांबले. “कुणी येणार नाही, ग्रंथपाल.”

मी म्हटलं, “असं का म्हणता?”

“या प्रकारावर अख्खं प्रकरण आहे. सगळ्यांच्या फायद्याचं काम असलं की प्रत्येक माणूस मनात म्हणतो, मी एकटा गेलो नाही तर काय बिघडतं? दुसरे आहेत की. आणि गाळ तसाच राहतो. मी हे जन्मभर शिकवलं. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलं असेल. उदाहरण कुठलं द्यायचो, आठवतं?”

आठवत होतं. ते याच तळीचं द्यायचे. कारण कित्येक वर्षांत तिचा गाळ खरोखरच कुणी काढला नव्हता. पूर्वी गाव काढत असे, मग माणसं मुंबईला गेली आणि ती रीत मोडली. सरांच्या समजत्या वयात तर त्यांनी ती पाहिलीच नव्हती. ते शिकायला आणि आधीच्या नोकरीला बाहेर होते, आमच्या कॉलेजात आले तोवर ती मोडली होती.

त्या रविवारी मी झुंजुमुंजू होताच त्यांच्याकडे पोचलो. सर कॅनव्हासचे बूट घालून तयार होते, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नवंकोरं घमेलं. मागल्या दारानं, परड्यातून, जवळच्या वाटेनं आम्ही तळीवर गेलो. तिथे कोणीही नव्हतं.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. पाणी खाली गेलेलं, काठानं काळा गाळ, त्यावर बगळ्यांच्या पायांचे ठसे. ऊन देवळाच्या कळसावर आलं, मग माडांवर, मग पाण्यावर. माणूस नाही. दूर कुठेतरी कोंबडा आरवला. सर छत्रीच्या टोकानं पायरीवर काहीतरी आखत होते, मी मुद्दाम बघितलं नाही. एकदा ते म्हणाले, “माझा राग नाही हो कुणावर. पुस्तकात आहे तसंच घडतंय.” आवाज वर्गातला होता, पण छत्रीचं टोक थांबलं होतं. जन्मभर जे शिकवलं ते खरं ठरताना माणसाला इतकं दुःख होताना मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

मग त्यांनी बूट काढले, धोतर वर खोचलं आणि घमेलं घेऊन गाळात उतरले. त्या वयात. मी “सर, सर” करत मागे उतरलो. ते हातानं गाळ भरू लागले. मी काठावर नेऊन ओतू लागलो. एक घमेलं टाकून वळलो की गाळ होता तेवढाच दिसे.

देवळाच्या बाजूनं आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं भांडण लागलं. मग पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून माणसं उतरताना दिसली. खोरी, टोपल्या, पहारी. खालची वाडी, वरची वाडी, रमाकांत, डोक्यावर पेजेचं भांडं घेतलेल्या बायका, आणि सर्वांत पुढे भागीकाकी, संतापलेल्या.

“सरांनू! खंय होतास? सगळो गाव तुमच्या खळ्यात उभो होतो हो कधीपासून!”

सर गाळात गुडघाभर उभे होते. त्यांना काही कळेना.

“माझ्या खळ्यात? कित्याक?”

“कित्याक म्हणजे? देवाच्या कामाक जाताना घर सोडतत काय? वरच्या वाडयेसून घरटी माणूस घेत इलो. तुमचा घर शेवटचा. हाक मारली, कोण नाय. म्हटला न्हातत आसतले, वायच थांबूया. थांबलो, थांबलो. रमाकांत मागच्या दारान बघून इलो तेव्हा कळला.” त्यांनी पदर खोचला. “आणि तुमी हयसर येवन एकटेच पुण्य बांधतास!”

माणसं हसली. देवाच्या कामाला निघालं की वाटेतलं एकही घर वगळायचं नाही, आतलं माणूस बाहेर येईपर्यंत खळ्यात थांबायचं, ही गावची जुनी रीत होती. ती म्हाताऱ्यांना आठवत होती, तरुणांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि सरांना तर कुणी कधी सांगितलीच नव्हती. गाव येत नाही म्हणून ते तळीवर झुरत होते आणि त्यांच्यासाठी थांबलेला गाव त्यांच्या दारात उभा होता.

सरांनी चष्मा काढला, पुसायला काही कोरडं सापडेना, तसाच पुन्हा लावला. मग रमाकांतनं त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं आणि त्यांना धरून पायरीवर आणून बसवलं. “तुमी बसा आता. किती घमेली काढलास?” सरांनी काठावरच्या त्या दोन मुठींच्या ढिगाकडे बोट दाखवलं. त्यावर पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी सरही. सरपंच थोड्या वेळानं बघायला म्हणून आले. वर उभे राहिले. मग त्यांनी विजारीचे पाय वर दुमडले.

ना हरकत त्या वेळी दिली गेली नाही. प्रकरण कायमचं मिटलं असं मी म्हणणार नाही. कंपनीचा कागद तालुक्याला कुठेतरी आहेच, आणि पोरांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही तसाच आहे. सरांनीही हा आपला विजय वगैरे मानला नाही. ते म्हणत, “एक सकाळ माझा विषय अगदी बरोबर होता. तळी होती, गाळ होता, लोक नव्हते. फक्त लोक त्या वेळी कुठे उभे आहेत हे मी बघितलं नव्हतं, आणि ते बघायची सोयही माझ्या विषयात नव्हती.”

त्यानंतर ते कॉलेजात आले आणि प्राचार्यांकडे एक तास मागितला. निवृत्त माणसाला तास कसा द्यायचा याचा नियम सापडेना, तेव्हा मी ग्रंथालयाचा तास त्यांना दिला. आता मध्ये भिंत नव्हती. मी मागच्या बाकावर बसलो.

सरांनी तेच प्रकरण शिकवलं, फुकटच्या फायद्याचं. सगळं शिकवलं, पुस्तकात होतं तसं, एक शब्द मऊ न करता. प्रत्येक माणूस घरी का बसतो, ते गणितानं दाखवलं. मग खडू खाली ठेवून तळीवरची सकाळ सांगितली, तीही तशीच, रंग न भरता. आपण गाळात उभं राहून काय विचार करत होतो तेसुद्धा.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “सर, मग परीक्षेत काय लिहायचं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी प्रश्न मनावर घेतला. खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, थोडा विचार केला.

“परीक्षेत प्रकरण लिहा. पूर्ण लिहा, आकृतीसकट. मार्क जाता कामा नयेत.” मग त्यांनी खडू पुन्हा उचलला. “पाऊस येईपर्यंत दर आयतवारी गाळ काढतोय. पण थेट तळीवर येऊ नका. आधी गावात या, आमच्याबरोबर घरटी माणूस घेत चला.”